खांद्यावर भार घेण्यापूर्वी

(कपिलधार येथे युवकांच्या व्यायाम वर्गात, पालकांच्या उपस्थितीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण ज्या भूमीवर जमलो आहोत ती मन्मथस्वामींची समाधिभूमी आहे. बालाघाटाच्या कुशीतील या दरीत कार्तिकी पौर्णिमेला दूरदूरहून भाविक पायी येतात. त्या यात्रेत एक गोष्ट डोळे उघडे ठेवणाऱ्या कोणालाही दिसते. सत्तरी ओलांडलेला एखादा वृद्ध भाविक डोक्यावरचे गाठोडे उतरवतो, झाडाखाली उकिडवा बसतो, दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या असतात, आणि घटकाभराने हात न टेकता उठून चालू लागतो. त्याच्याबरोबर आलेला, महाविद्यालयात शिकणारा नातू तसे बसू पाहतो तेव्हा त्याच्या टाचा उचलल्या जातात, तोल मागे जातो, आणि तो सरळ बूड टेकून मोकळा होतो. गंमत अशी की हाच नातू गावाकडे जिममध्ये जातो आणि खांद्यावर 80 किलोंचा बार घेतो.

आजचा विषय हाच आहे. बार खांद्यावर घेऊन केलेली बैठक, जिला तुम्ही मुले स्क्वॉट म्हणता, ती नीट कशी शिकावी आणि त्यासाठी सांधे आधी कसे मोकळे करावेत.

समोर बसलेल्यांपैकी निम्मी मुले पोलीस भरतीची किंवा सैन्य भरतीची तयारी करीत आहेत, हे मला ठाऊक आहे. पोलीस शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि 100 मीटर धावणे व 7.260 किलोंचा गोळा फेकणे, मुलींना 800 मीटर आणि 100 मीटर धावणे व 4 किलोंचा गोळा. या तिन्ही प्रकारांची ताकद मांडी आणि खुब्यातून येते. गोळा हाताने फेकला जातो असे ज्याला वाटते, त्याचा गोळा फार लांब जात नाही. त्यामुळे बैठकीची तुम्हाला निकड आहे हे मी मान्य करतो. परंतु भरतीच्या दोन महिने आधी घाईघाईने भार वाढवून कंबर धरून बसलेली मुले मी प्रत्येक हंगामात पाहतो. वय एकोणीस-वीस, घरची परिस्थिती बेताची, आणि वयोमर्यादेमुळे हातात उरलेल्या मोजक्या संधींपैकी एक कंबरदुखीत गेलेली. बापाने उसने घेऊन अकादमीची फी भरलेली असते. म्हणून हा विषय केवळ देह कमावण्याचा नाही.

बैठक आपल्याला कोणी बाहेरून आणून दिलेली नाही. गावोगावच्या मारुतीच्या देवळाशेजारी तालीम होती आणि तालमीत जोर-बैठका होत्या. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ अनेक खंडांत सिद्ध केला, तो मराठीत. अमरावतीला 1914 साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. खांद्यावर भार घेऊन बैठका मारण्याची कल्पनाही आपल्या मल्लांना नवी नव्हती. गळ्यात दगडाचे जड कडे घालून बैठका काढण्याची रीत तालमींत होतीच.

मात्र अभिमानाच्या भरात एक भेद विसरू नये. तालमीतील बैठकीत खाली जाताना टाचा उचलल्या जातात, गुडघे पुढे जातात आणि हातांच्या झोक्यावर मल्ल पुन्हा वर येतो. ती शेकड्यांनी काढायची, दम आणि चिकाटी वाढविणारी बैठक आहे. बार घेऊन केलेल्या बैठकीत टाच जमिनीवरून तसूभरही हलता कामा नये, कारण तेथे तोल गेला तर खांद्यावरचा भारही जातो. ‘आम्ही पाचशे बैठका मारतो, आम्हाला स्क्वॉट काय शिकविता’ असे म्हणणारे काही पहिलवान मला भेटले आहेत. त्यांच्या मांड्या माझ्याहून दुप्पट असतात यात शंका नाही. पण टाचा टेकवून बसा म्हटले की त्यांतले काही जण मागे कलंडतात.

बारची बैठक पाश्चात्त्य देशांतही फार जुनी नाही. हाइनरिक स्टाइनबॉर्न नावाचा जर्मन मल्ल 1921 साली अमेरिकेत गेला आणि जड भाराच्या बैठकांची आवड तेथे रुजली त्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्या काळी भार ठेवायला रॅक नव्हते. हा गृहस्थ बार एका टोकावर उभा करी, त्याखाली वाकून तो खांद्यावर आडवा पाडून घेई, आणि तसाच खाली बसून वर येई. तुम्ही हे करून पाहू नका.

आता ‘हाय बार’ म्हणजे काय ते पाहू. मान पुढे झुकवून मानेच्या मुळाशी बोट फिरवले तर एक टणक मणका हाताला लागतो. बार या हाडावर ठेवायचा नाही. खांदे मागे ओढून किंचित वर घेतले की त्या मणक्याच्या खाली, दोन्ही बाजूंना मांसाची एक उशी तयार होते. बार त्या उशीवर बसतो. बार मानेला टोचतो म्हणून मुले त्याला स्पंज गुंडाळतात. टोचतो याचा अर्थ तो चुकीच्या जागी आहे किंवा खांदे सैल आहेत. दुसरी रीत ‘लो बार’ची. तीत बार आणखी काही बोटे खाली, खांद्याच्या फऱ्याच्या कडेवर धरतात, धड अधिक पुढे झुकते, आणि त्यात भार थोडा जास्त उचलता येतो. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धकांना ती सोयीची आहे. भारोत्तोलन करणारे मात्र हाय बारच पसंत करतात, कारण स्नॅच वा क्लीनमध्ये भार झेलताना धड ताठ ठेवून अगदी खोल बसावे लागते आणि ही बैठक त्याच ठेवणीची आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली 49 किलो वजनगटात रौप्यपदक मिळविणाऱ्या मीराबाई चानूने क्लीन अँड जर्कमध्ये 115 किलो उचलले. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार छातीवर झेलून तळातून उठायचे आहे. आपल्या सांगलीचा संकेत सरगर 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात 248 किलोंच्या एकूण भारासह दुसरा आला. सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. तुम्हा भरतीच्या मुलांना मी हाय बारच सुचवितो, कारण धड ताठ राहिल्याने कमरेवरचा ताण कमी राहतो आणि चूक लगेच दिसते.

धड ताठ ठेवायचे तर गुडघे पुढे जाणारच, आणि गुडघे पुढे जायचे तर घोटा वाकला पाहिजे. बैठकीचे सारे भांडण येथे सुरू होते. ‘गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नका’ हा उपदेश तुम्ही ऐकला असेल, घरच्या मोठ्यांकडून आणि जिमच्या प्रशिक्षकाकडूनही. 2003 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समोर फळी उभी करून गुडघे पुढे जाण्यापासून अडविले गेले. गुडघ्यावरचा ताण काहीसा कमी झाला, परंतु धड पुढे झुकले आणि खुब्यावरचा ताण कित्येक पटींनी वाढला. एका सांध्याचे ओझे दुसऱ्यावर ढकलले गेले, इतकेच. खोल बैठकीने गुडघ्याचे बंध सैल होतात हा समजही 1961 साली कार्ल क्लाइन या अमेरिकन संशोधकाच्या लेखनाने पसरला. पुढच्या अभ्यासांनी निरोगी गुडघ्यांच्या बाबतीत त्याला दुजोरा दिला नाही.

याचा अर्थ हवे तितके बसावे असा नाही. बीजिंगमधील वृद्धांच्या एका अभ्यासात, जो 2004 साली प्रसिद्ध झाला, पंचविशीच्या वयात रोज तीन तास वा अधिक उकिडवे बसत असल्याचे सांगणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज अधिक आढळली. तासन् तास दुमडलेला गुडघा वेगळा, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस काही मिनिटे भार पेलून पुरेशी विश्रांती मिळालेला गुडघा वेगळा. आपल्या आयुर्वेदाने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे, आणि श्वास तोंडावाटे येऊ लागणे ही सुश्रुताने त्या मर्यादेची खूण मानली आहे. बार खांद्यावर असताना हा विवेक फार उपयोगी पडतो.

येथे आपल्या जिल्ह्याविषयी बोलणे भाग आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास याच डोंगरपट्ट्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. दिवसभर कमरेत वाकून कोयता चालवायचा, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. त्यांना अर्धशक्तीचा नियम पाळण्याची मुभा नाही, आणि त्यांच्या थकव्याला बैठक हे उत्तर आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांची मुले मात्र या वर्गात बसली आहेत. आईबापांची कंबर कशाने गेली हे त्यांनी पाहिले आहे, म्हणून पाठ गोल करून भार उचलू नये हे त्यांना मला दोनदा सांगावे लागत नाही. याच जिल्ह्यात पाटोद्याचा राहुल आवारे घडला, ज्याने 2018 साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात कुस्तीचे सुवर्ण जिंकले, आणि आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळेही, ज्याने 2022 मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्य आणि पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळविले.

आता घोट्याची परीक्षा. भिंतीकडे तोंड करून एक पाय पुढे ठेवा, अंगठा भिंतीपासून 10 सेंटीमीटरवर. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का पाहा. दोन्ही पायांनी टेकला तर घोटा पुरेसा मोकळा आहे. नाही टेकला तर पाय तितका जवळ घ्या, आणि हीच परीक्षा रोजचा व्यायाम समजून प्रत्येक पायाने पंधरा-वीस वेळा गुडघा हळूहळू भिंतीला लावत जा. पोटरी ताणली गेल्याचे जाणवले पाहिजे. घोट्याच्या पुढच्या बाजूस काही अडकल्यासारखे किंवा टोचल्यासारखे वाटले तर थांबा आणि जाणकाराला दाखवा, कारण ताण आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारोत्तोलकांच्या बुटाला सुमारे दोन सेंटीमीटर उंच, कडक टाच असते ती घोट्याची ही कमतरता भरून काढण्यासाठीच. ते बूट महाग असतात. टाचेखाली पातळ, न हलणारी फळी ठेवून सुरुवात करता येते, पण घोटा मोकळा करण्याचे काम त्यामुळे सोडू नका. धावण्याचे मऊ तळव्याचे बूट मात्र बैठकीला अजिबात नकोत. त्यांवर भार घेऊन उभे राहणे म्हणजे गादीवर उभे राहणे होय.

दुसरा सांधा खुब्याचा. येथे एक गोष्ट पालकांनीही ऐकावी, कारण ‘शेजारच्या मुलाला जमते, तुला का जमत नाही’ हे वाक्य घराघरांत आहे. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या ज्या खोबणीत बसतो तिची खोली आणि दिशा प्रत्येकाची निराळी असते. त्यामुळे एकाला पावले खांद्याइतक्या अंतरावर ठेवून खोल बसता येईल, दुसऱ्याला पावले रुंद आणि चवडे बाहेर वळवावे लागतील. कोणत्या अंशाला वळवायचे याचा एकच आकडा सांगणारा प्रशिक्षक भेटला तर त्याच्यावर फार विसंबू नका. खांबाला दोन्ही हातांनी धरा, टाचा टेकवून खाली बसा, कोपरांनी गुडघे हलकेच बाहेर ढकला आणि अर्धा मिनिट तसेच राहा. पावले थोडी आत, थोडी बाहेर करून पाहा. जेथे पाठ सरळ राहते आणि बसणे सोपे होते, ती तुमची जागा. रोज सकाळी सगळे मिळून पाच मिनिटे असे बसलात तरी महिन्याभरात फरक दिसू लागतो. आपल्या आज्या चुलीपुढे आणि मोरीवर हेच करीत होत्या. स्वयंपाकाचा ओटा आला, खुर्ची आली, कमोड आला. सोय झाली, ती मोडून टाका असे मी म्हणत नाही, पण त्या सोयीबरोबर जे बसणे गेले ते आता वेळ काढून करावे लागेल. घरातल्या भगिनींनी आणि ज्येष्ठांनीही खांबाला धरून, जमेल तितकेच खाली जाऊन हे करावे. जमिनीवरून आपले आपण उठता येणे ही म्हातारपणातली फार मोठी स्वतंत्रता आहे.

तिसरी जागा पाठीच्या वरच्या भागाची आणि खांद्यांची. मोबाईलवर वाकून बसणाऱ्या पिढीची पाठ येथे आखडते आणि मग बार धरताना मनगटे दुखतात. सतरंजीची घट्ट गुंडाळी करून ती खांद्याच्या फऱ्यांखाली आडवी ठेवा आणि तिच्यावर उताणे पडून हात डोक्यामागे सोडा. दोन मिनिटे पुरेत.

सांधे मोकळे होत असतानाच कृती शिकायची, आणि तिला बार लागत नाही. आपला दंड पुरेसा आहे. तो मी सांगितलेल्या उशीवर आडवा धरा, कोपरे खाली, छाती उघडी. पावलाचे तीन बिंदू, म्हणजे अंगठ्याचे मूळ, करंगळीचे मूळ आणि टाच, जमिनीत रुतल्यासारखे ठेवा. श्वास पोटात घ्या, छातीत नव्हे. कमरेभोवती पट्टा आहे आणि तो पोटाने सर्व बाजूंनी ताणायचा आहे असे समजा. कंबर आणि गुडघे एकाच वेळी मोडा आणि दोन टाचांच्या मध्ये सरळ खाली बसा. गुडघे चवड्यांच्या दिशेने जाऊ द्या, आत वळू देऊ नका. हा दोष मुलींमध्ये आणि थकलेल्या मुलांमध्ये विशेष दिसतो. मांडी आणि धड यांमधली घडी गुडघ्याच्या वरच्या कडेहून खाली गेली की बैठक पूर्ण झाली. त्याहून खाली जाताना कंबर आत गोल वळू लागली तर तुमची आजची मर्यादा तेथेच आहे. वर येताना छाती आणि कंबर एकाच वेगाने उचलल्या पाहिजेत. कंबर आधी वर आली आणि छाती मागे राहिली तर सारा भार पाठीने ओढला जातो. भरतीची मुले कंबर धरून बसतात ती बहुधा याच क्षणी. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून जोर लावू नये. खाली जाताना घ्यावा, वर येताना सोडावा, आणि भार हलकाच ठेवावा.

दंडावर तीन आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. मग रिकामा बार. नियमाचा बार पुरुषांसाठी 20 आणि स्त्रियांसाठी 15 किलोंचा असतो. तालुक्याच्या जिममधील बार कोणी जोखलेला असतोच असे नाही, तेव्हा किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा तो तोलून घ्या. पाच-पाच बैठकांचे तीन ते पाच फेरे, आणि पाचवी बैठक पहिलीसारखीच दिसत असेल तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. सोबत्याला बाजूने मोबाईलवर चित्रण करायला सांगा. त्या यंत्राचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही. रॅकचे आडवे आधार तळाच्या बैठकीहून किंचित खाली लावल्याशिवाय बारखाली जाऊ नका. आधार नसतील तर त्या जिममध्ये जड बैठक करू नका, मग मालक कितीही ओळखीचा असो.

भरतीला दोनच महिने उरले असतील तर काय, असे एका मुलाने काल विचारले. त्याला मी सांगितले की भार वाढवू नकोस, बिनभाराच्या खोल बैठका आणि घोट्याचा व्यायाम कर आणि धावणे चालू ठेव. चाचणीच्या आधीच्या आठवड्यात तर बार नकोच. पुढच्या वर्षीची तयारी करणाऱ्यांनी मात्र आजपासून लागावे.

आता उन्हे कलली आहेत. दंड त्या भिंतीशी ठेवले आहेत. भिंतीजवळच्या फरशीवर खडूने 10 सेंटीमीटरची रेघ आखली आहे, तिच्याशी पाचपाचच्या रांगा करा. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा कंबरेत मुंग्या येणाऱ्यांनी रांगेत न येता आधी मला भेटावे. पालकांना उभे राहून पाहायचे असेल तर पाहावे, आणि ज्यांना खांबाला धरून बसून पाहायचे असेल त्यांच्यासाठी मंडपाचे दोन खांब मोकळे ठेवले आहेत.